फिल्टर त्या दिवशी फारच छान चालला

ट्रेकमधल्या त्या सकाळी ओढ्याचं पाणी गाळायचा माझा फिल्टर कधी नव्हे इतका छान चालला. आधीचे दोन दिवस त्याला जोडलेली पाण्याची पिशवी पिळून पिळून मनगटं भरून आली होती, लिटरभर पाणी काढायला पाच-सहा मिनिटं जायची. तिसऱ्या दिवशी पिशवी नुसती दाबली आणि धार लागली. दोन मिनिटांत बाटली भरली. "बघ, काल नीट धुतला म्हणून आज कसा पळतोय," असं मी मैत्रिणीला ऐटीत म्हणालेसुद्धा.

आदल्या रात्री तंबूत बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती, हे आम्हा दोघींनाही दिसलं होतं. फिल्टर सॅकच्या बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मात्र दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

घरी परतल्यावर नवव्या दिवशी पोट बिघडलं. वाटलं, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, दोन दिवसांत जाईल. गेलं नाही. ढेकर सडक्या अंड्यासारखे यायचे, पोट ढोलासारखं फुगायचं, आणि पुढचं वर्णन कुणाला नकोच असेल. आठवडा झाल्यावर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि काल काय खाल्लं ते न विचारता विचारलं, "गेल्या तीन आठवड्यांत कुठे डोंगरात वगैरे गेला होतात का?" गेले होते. "पाणी कुठलं प्यायलात?" ओढ्याचं, पण फिल्टर करून, असं मी जरा ठसक्यातच सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि वेगवेगळ्या तीन दिवशीचे नमुने तपासायला द्या म्हणाले. हा प्राणी रोज बाहेर पडत नाही, एका नमुन्यात चकवतो. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात गार्डिया, आतड्यात राहणारा एक सूक्ष्म परजीवी.

गार्डिया पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. तोवर माणूस डोंगर विसरलेला असतो आणि दोष परवाच्या जेवणाला देतो. १६८१ साली लेवेनहूक नावाच्या डच संशोधकाने स्वतःच्याच बिघडलेल्या पोटाचा नमुना स्वतःच बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला हे इवले जीव पळताना दिसले. आजारपणात हे वाचल्यावर मला उगीच थोडं बरं वाटलं. चांगली संगत होती म्हणायची.

औषधाने आठवड्याभरात सुटका झाली. अशक्तपणा मात्र महिनाभर रेंगाळला, आणि त्या महिन्यात मला बसून वाचायला भरपूर वेळ मिळाला. माझ्यासारखे पोकळ तंतूंचे फिल्टर एकदा वापरून ओले झाले की गोठू द्यायचे नसतात. आतलं पाणी गोठताना फुगतं, तंतूंना तडे जातात, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. हे माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते पत्रक वाचलं होतं की नाही, ते आता आठवत नाही. बहुतेक नाही.

एका दुपारी तो फिल्टर करवतीने कापला. आत पांढऱ्या दोऱ्यांची जाड लड, एका टोकाला डिंकासारख्या कशात तरी पक्की बसवलेली. प्रत्येक दोरा आतून पोकळ. भिंग लावून पाहिलं, सगळे धडधाकट. तडा डोळ्याला दिसणारच नव्हता म्हणा. तंतूच्या भिंतीतली छिद्रं ०.१ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. गार्डियाचा कोष, म्हणजे पाण्यात तगून राहणारं त्याचं कवचबंद रूप, दहा मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर केसाएवढ्या फटीतून सात गार्डिया हातात हात घालून जातील. धार एकदम मोकळी का झाली होती, ते मला त्या दुपारी कळलं.

कळलं म्हणजे, तसं वाटलं. सिद्ध काहीच करता येत नाही. मैत्रिणीने तेच पाणी प्यायलं होतं आणि तिला काही झालं नाही. काहींच्या पोटात गार्डिया जातो आणि काहीही त्रास न देता निघूनही जातो. शिवाय चार दिवस माझे हात किती वेळा साबणाने धुतले गेले होते, हे मी इथे लिहिणार नाही. पण संशय बसला तो बसला.

आमच्या गटात एक काका आहेत, सत्तरीच्या घरातले. ते कायम पाणी उकळूनच पितात. आम्ही सगळे पिशव्या पिळत असताना हे दगडाच्या आडोशाला स्टोव्ह लावून बसलेले. आम्ही त्यांची थट्टा करायचो. बरी झाल्यावर एकदा त्यांना विचारलं, "काका, तुम्ही एवढा गॅस वाहत का नेता? फिल्टर शंभर ग्रॅमसुद्धा नसतो."

"अगं, बुडबुडे दिसतात म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे झालं की नाही ते दिसतं. तुझ्या त्या नळकांड्यात काय दिसतं?"

माझ्या सगळ्या शोधाला दिशा या एका वाक्याने मिळाली. तोवर मी वजन, वेग, किती लिटरला पुरतो, असले तक्ते करत बसले होते. आता प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: तू बिघडलीस, तर मला कळेल का?

उकळण्यापासून सुरुवात केली. इथे उत्तर काकांनी दिलेलंच होतं. पाणी खळखळून उकळलं की एक मिनिट तसंच ठेवायचं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. जिवाणू, विषाणू, परजीवी, तिन्ही संपतात. पाणी गढूळ असो की गार, फरक पडत नाही. काकांनाच एक शंका होती. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, तीन हजार मीटरवर नव्वद अंशांच्या आसपास. मग तिथे जंतू मरतात का? मरतात. सत्तर अंशांच्या पुढे त्यांचा निभाव फार वेळ लागत नाही, आणि गार पाणी उकळीला येईपर्यंत तेवढा वेळ मिळालेला असतो. एक किंवा तीन मिनिटं ही वरची खबरदारी आहे. दहा-दहा मिनिटं उकळत बसणारी माणसं मी पाहिली आहेत, ती गॅस जाळतात, बाकी काही नाही.

गॅस हाच तर प्रश्न. गॅलरीत स्टोव्ह लावला, गॅसचा डबा आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवला. वारा नसताना, भांड्यावर झाकण ठेवून, लिटरमागे ११ ग्रॅम गॅस गेला. संध्याकाळी वारा सुटल्यावर तोच प्रयोग केला तर १९ ग्रॅम. मधला आकडा १५ धरू. दोघींना दिवसाला सहा लिटर, म्हणजे ९० ग्रॅम. चार दिवसांचे ३६० ग्रॅम, नुसते पाण्यासाठी, म्हणजे २३० ग्रॅमचे दीड डबे. शिवाय उकळलेलं पाणी निवायला वेळ लागतो, आणि भर उन्हात चढ चढून आल्यावर हातात कढत बाटली घेऊन बसण्यासारखं दुःख नाही. चव बेचव होते ती एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून चार वेळा ओतली की बरीच सुधारते. मुक्कामाच्या तळावर स्टोव्ह पेटलेलाच असतो तेव्हा उकळावं. वाटेत मात्र नको, इतकं ठरलं.

मग गोळ्या. वजन जवळपास शून्य, खिशात मावतात, बिघडायला काही नाही. मला वाटलं होतं, ही बाब चटकन निकालात निघेल. उलट याच प्रकरणात सगळ्यात जास्त अडकले.

आधी साध्या क्लोरीनच्या गोळ्या. लिटरला एक, अर्धा तास थांबायचं. पण हा अर्धा तास कोमट पाण्याचा आहे. पाणी जितकं गार, तितकं रसायन आळशी. ओढ्याच्या बर्फगार पाण्यात वेळ वाढवावा लागतो. आणि एक प्राणी क्लोरीनला अजिबात दाद देत नाही: क्रिप्टोस्पोरिडियम. याचा कोष चार ते सहा मायक्रॉनचा, कवच जाड. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हा नळाच्या पाण्यातून घरोघर पोहोचला आणि सुमारे चार लाख माणसं आजारी पडली. त्या पाण्यात क्लोरीन होताच. शहराच्या क्लोरीनला जो जुमानला नाही, तो माझ्या खिशातल्या गोळीला काय भीक घालणार?

क्लोरीन डायऑक्साइड हे नावाने सख्खं भावंड वाटतं, पण वेगळं रसायन आहे. ते क्रिप्टोलाही पुरं पडतं. फक्त त्यासाठी चार तास लागतात. बाकीच्यांना अर्धा तास, याला चार तास. ओढ्यावर जीभ टाळूला चिकटलेली असताना चार तास म्हणजे चेष्टाच. पण रात्री झोपताना गोळी टाकली तर सकाळी पाणी तयार, तेही क्लोरीनसारखं पोहण्याच्या तलावाची आठवण न करून देता. याच रसायनाचं दोन बाटल्यांतलं द्रावण मिळतं, त्यात दोन्हींचे थेंब झाकणात एकत्र करून पाच मिनिटं थांबायचं, पिवळसर रंग आला की पाण्यात ओतायचं. मला हा प्रकार आवडला, कारण इथे काहीतरी दिसतं. रंग आला नाही तर रसायन गेलेलं आहे. गोळीचं काय? पाकिटावरची तारीख आणि हातावरचं घड्याळ, एवढाच पुरावा.

आयोडीनबद्दल फार लिहीत नाही. तेही क्रिप्टोपुढे हरतं, थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी टाळायचं असतं, आणि रोज महिनोन् महिने घ्यायचं नसतं. माझ्यासाठी तिथेच विषय संपला.

गोळ्यांच्या बाबतीत दोन चुका मी स्वतः केल्या. पहिली: गोळी टाकून झाकण घट्ट लावलं, अर्ध्या तासाने प्यायले. बाटलीच्या आट्यांमध्ये अडकलेलं कच्चं पाणी तसंच राहिलं होतं आणि पहिला घोट तिथूनच येतो. आता गोळी विरघळली की झाकण थोडं सैल करून बाटली उलटी करते, थोडं पाणी आट्यांतून झिरपू देते, मग परत लावते. दुसरी चूक याहून मजेची. क्लोरीनचा वास जावा म्हणून व्हिटॅमिन सीची फसफसणारी गोळी सोबतच टाकली. वास झटकन गेला! जाणारच, कारण व्हिटॅमिन सी क्लोरीनला मारतं. म्हणजे मी पहारेकरी नेमला आणि त्याच हाताने त्याला झोपेची गोळी दिली. आधी पूर्ण वेळ जाऊ द्यायचा, मग काय ते.

अतिनील दिव्याची कांडी एका ओळखीच्याकडून पंधरा दिवसांसाठी मागून आणली. बाटलीत बुडवायची, बटण दाबायचं, लिटरला दीड मिनिट ढवळत राहायचं. निळसर उजेडात बाटली अशी काही चमकते की पहिल्या वेळी घरातली सगळी पोरं गोळा झाली. पाण्यात काही मिसळत नाही, चव तीच, विषाणूंपासून क्रिप्टोपर्यंत सगळ्यांवर लागू. हे किरण जंतूंना जागच्या जागी मारत नाहीत, त्यांच्या डीएनएची मोडतोड करतात. मग जंतू पोटात गेला तरी त्याची वीण वाढत नाही. वांझ करून सोडून देणं म्हणा.

मी जवळजवळ हीच घेणार होते. मग कुंडीतली मूठभर माती लिटरभर पाण्यात कालवली आणि कांडी घातली. उजेड दोन बोटं पुढे जाईना. दीड मिनिटाने हिरवा दिवा लागला: झालं, प्या! त्या दिव्याचा अर्थ इतकाच की कांडी दीड मिनिट जळली. उजेड मातीच्या कणाआड बसलेल्या जंतूपर्यंत पोहोचला की नाही, ते त्याला ठाऊक नाही. वर थंडीत बॅटरी मान टाकते, आणि बाटलीच्या आट्यांची तीच कथा. ज्याचं पाणी नेहमी काचेसारखं नितळ असतं, त्याने ती खुशाल घ्यावी. मला मात्र बिघडलेलं असताना हिरवा दिवा दाखवणारं काहीही नको होतं.

उन्हात बाटल्या ठेवण्याचाही एक मार्ग आहे. पारदर्शक प्लास्टिकची बाटली, नितळ पाणी, सहा तास लख्ख ऊन. आभाळ भरून आलेलं असेल तर दोन दिवस. फुकट आहे, आणि जगात अनेक ठिकाणी लोक त्यावर खरोखर निभावतात. चालणाऱ्याच्या पाठीवरची बाटली सहा तास एका अंगाने उन्हात राहत नाही, एवढीच अडचण.

म्हणजे फिरून गाडी फिल्टरवरच आली, ज्याने माझा घात केला त्याच्यावर.

दुकानात उभी राहून यावेळी मी खोक्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचली, एक अन् एक. फिल्टर आणि प्युरिफायर हे शब्द एकाच अर्थाने वापरलेले नसतात. प्युरिफायर म्हणवून घ्यायचं तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८७ साली घालून दिलेली पट्टी आहे: ९९.९९९९ टक्के जिवाणू, ९९.९९ टक्के विषाणू, ९९.९ टक्के परजीवींचे कोष जायला हवेत. साध्या पोकळ तंतूंच्या फिल्टरला यातली विषाणूंची अट झेपत नाही. पोट बिघडवणारे बरेचसे विषाणू ०.०३ मायक्रॉनच्या आसपासचे, छिद्र ०.१ चं, फाटकातून मुंगी जावी तसे जातात. खोक्यावर मोठ्या अक्षरात '९९.९९९९ टक्के' दिसलं, की ते कशाचे टक्के, हे बघायला खोकं उलटं करावं लागतं.

विषाणू कितपत मनावर घ्यायचे, हे पाण्याच्या वर कोण राहतं यावर ठरतं. माणसाला आजारी पाडणारे पाण्यातले विषाणू मुख्यतः माणसाच्याच विष्ठेतून येतात. वस्तीपासून दूर, उंचावरच्या झऱ्यात ती भीती कमी. पण वरच्या अंगाला गाव, तळ, गर्दीची वाट असेल तर फिल्टर केलेल्या पाण्यात गोळीही टाकायची. फिल्टरने क्रिप्टो अडवलेलाच असतो, त्यामुळे चार तासांची अट उरत नाही, अर्ध्या तासात भागतं. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि एक गुपचूप बिघडला तर दुसरा असतो.

नळीवाला फिल्टर, थेट ओढ्यावर वाकून ओढायचा तो, मी पाच मिनिटांत बाद केला. पोटापुरतं पाणी मिळतं, बाटलीपुरतं मिळत नाही. पंपवाला मजबूत, पण जड. उंचावर टांगून गुरुत्वाने थेंबथेंब उतरणारा मोठ्या गटाला उत्तम. तळावर पोचल्यावर झाडाला टांगला आणि विसरला. आम्ही दोघी-तिघी असतो, म्हणून पुन्हा पिळायचाच घेतला.

पण यावेळी त्याला विचारायचा प्रश्न माझ्याकडे होता, आणि त्याचं उत्तरही निघालं. तंतूंची भिंत ओली असली की तिच्या बारीक छिद्रांत पाणी घट्ट धरलेलं असतं. तोंडाने फुंकून ते हलत नाही. हवा पलीकडे जातच नाही. तडा असेल तर मात्र हवा तिथून पळते. म्हणून फिल्टर आधी भिजवून घ्यायचा, स्वच्छ बाजूने तोंड लावून हळू फुंकायचं, दुसरं टोक पाण्यात धरायचं. बुडबुडे आले तर फिल्टर गेला. तोंड लावायचं म्हटल्यावर मैत्रिणीने नाक मुरडलं, पण आजारी ती पडली नव्हती. गोठल्याची नुसती शंका असली तरी मी या चाचणीच्या भरवशावर राहणार नाही, सरळ फेकून देईन. बाकी आपटला, पडला, खूप दिवसांनी बाहेर काढला, तर फुंकून बघायला काही जात नाही.

आणखी एक सोपी खूण मी आता लक्षात ठेवते. फिल्टर दिवसागणिक सुस्त होतो, ते ठीक. गाळ बसतो, उलट बाजूने स्वच्छ पाणी जोरात मारलं की पुन्हा थोडा मोकळा होतो. न धुता, कारण नसताना एका रात्रीत तो तरतरीत झाला, तर खूश व्हायचं नाही.

गढूळ पाण्याने फिल्टर लवकर चोंदतो, म्हणून आधी कापड. हे मी किरकोळ समजत होते, पण कापडाची ताकद वाचून थक्क झाले. बांगलादेशच्या खेड्यांत अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या साडीच्या घड्या करून पाणी गाळायला शिकवलं; २००३ साली छापलेल्या निष्कर्षांत कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलेलं होतं. कॉलऱ्याचा जंतू कापडात अडकण्याइतका मोठा नाही, पण तो पाण्यातल्या प्लवकांना, म्हणजे तरंगणाऱ्या बारीक जीवांना, चिकटून असतो आणि प्लवक अडकतात. गार्डियाला कापड पुरणार नाही, हे उघड आहे. पण माझ्या सॅकमध्ये आता एक जुना सुती रुमाल फक्त याच कामाचा असतो, आणि पाणी फारच गढूळ असलं तर भांड्यात तासभर स्थिर ठेवून वरचं तेवढं घेते.

काही पाण्यांना यातलं कुठलंच औषध चालत नाही. शेतातलं फवारणीचं पाणी उतरून आलेलं डबकं, खाणीखालचा ओढा, रंग ओतल्यासारखी हिरवट-निळी साय धरलेलं तळं. त्या सायीतले सूक्ष्मजीव विष सोडतात आणि उकळल्याने ते विष जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं. तिथे तहान घेऊन पुढे चालायचं. म्हणून नकाशावर पुढचं पाणी कुठे आहे ते आधी बघून ठेवते आणि एक लिटर जास्तच वाहते, एक किलो तर एक किलो.

हातांचं प्रकरण मी शेवटी शिकले, खरं तर आधी शिकायला हवं होतं. कच्च्या पाण्याच्या पिशवीला आता लाल चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. लाल पिशवीला हात लागला की तोच हात बाटलीच्या तोंडाला लावायचा नाही. आणि हातावर चोळायच्या जेलवर विसंबणं सोडलं. क्रिप्टोला ती फारशी लागू पडत नाही, साबणाचा तुकडा लागतो. ओढ्यापासून दूर जाऊन धुवायचं, नाहीतर खालच्या वळणावरच्यांसाठी आपणच ते 'वरच्या अंगाचं गाव'.

पुढच्या ट्रेकला सॅकमध्ये हे होतं: नवा पिळायचा फिल्टर, क्लोरीन डायऑक्साइडच्या वीस गोळ्या, रुमाल, साबण, आणि तळावर उकळायला गॅसचा एक डबा. रात्री फिल्टर झिपच्या पिशवीत घालून माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये, पायाशी झोपणार होता.

पहिल्याच दुपारी ओढ्यावर तो हातातून निसटला आणि दगडावर आपटला. टक्. मैत्रीण, काका आणि मी, तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मी उचलला, झटकला, टोक पाण्यात धरलं आणि फुंकलं.

बुडबुडे. भराभर, साखळीने.

"गेला," मैत्रीण म्हणाली.

मीही गोळ्यांचं पाकीट काढायला कप्प्यात हात घातला. चार तास, म्हणजे संध्याकाळचे सहा. मग आठवलं की हा फिल्टर विकत आणल्यापासून पाणी प्यायलेलाच नाही. कोरडा होता. कोरड्या भिंतीतून हवा जाणारच. पिशवी भरली, दोन वेळा पाणी आरपार काढून ते ओतून दिलं, पाच मिनिटं थांबले, पुन्हा टोक बुडवलं आणि फुंकलं. गाल फुगले, कान बंद झाले, डोळ्यांत पाणी आलं. पाण्यात काहीच हललं नाही. अजून एकदा फुंकलं. काही नाही.

काका स्टोव्ह काढून बसले होते. "तुझं ते फुगे फुगवणं आटपलं की सांग," ते म्हणाले. "तोवर माझं एक भांडं होतं."